विंडोज निर्दोष सुटलं: मेमटेस्ट८६ प्लस वापरून पाहिलं त्याची हकीकत

आधीच सांगते, मी कॉम्प्युटरवाली नाही. मी डीटीपीवाली. गिरगावात चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर, दहा बाय बाराच्या पुढच्या खोलीत २७ वर्षं लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, मंडळांचे अहवाल जुळवत बसलेय. मशीन चालू करायचं, पुसायचं आणि फारच अंगावर आलं तर त्याला दोन शब्द सुनवायचे, एवढंच मला येतं. तरी एका सॉफ्टवेअरबद्दल लिहायला बसलेय, कारण ते फुकट आहे, दिसायला भयंकर आहे, आणि महिनाभर तिघा शहाण्यांना जे सापडलं नाही ते त्याने एका रात्रीत लाल अक्षरांत लिहून दाखवलं. नाव मेमटेस्ट८६ प्लस.

झालं असं. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला. त्याआधी सहा महिने मशीन रोज सकाळी त्याची सूचना देत होतं, जशी घरमालकाची माणसं जिन्यात गाठतात तशी. एक वर्षाची मुदतवाढ मिळत होती हे मला नंतर कळलं. तेव्हा वाटलं, आता नवंच घालावं लागणार. माझं मशीन २०१९चं, जुळवून घेतलेलं, आय-५ नववी पिढी. म्हणजे विंडोज ११च्या यादीत काठावर बसणारं, आठवीपासून पुढचं चालतं. पण ते जुन्या पद्धतीने बूट होत होतं आणि टीपीएम (विंडोज ११ला लागणारी सुरक्षेची सोय) बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उठणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद होतं, त्यामुळे सरळ अपग्रेड होईना. घराजवळच्या दुकानातला मुलगा म्हणाला, "काकू, क्लीन फॉरमॅटच मारू. आणि आठ जीबीत आता भागणार नाही, अजून एक आठची रॅमची स्टिक टाकू."

टाक म्हटलं. (रॅम म्हणजे काम चालू असताना मशीन आपलं सामान जिथे मांडून ठेवतं ती मेमरी, स्टिक म्हणजे तिची पट्टी.) दिवाळीत कामं कमी असतात, तुळशीची लग्नं लागली की पत्रिकांची झुंबड. मधल्या दिवसांत उरकून घ्यावं असा हिशेब. स्टिकचे २,५०० आणि फॉरमॅटचे ७०० मोजले. हे दोन आकडे शेजारी शेजारी एकाच बिलावर होते. ते लक्षात ठेवा, मी ठेवले नाहीत.

तिसऱ्या दिवशी कोरल या पत्रिका मांडायच्या सॉफ्टवेअरमधून पीडीएफ काढताना पडदा काळा झाला. सगळे अजून ब्लू स्क्रीन म्हणतात, पण हल्ली तो काळा येतो. निळा असताना निदान रंग तरी बरा होता. काही टक्के मोजले आणि आपलं आपण रीस्टार्ट. असेल काहीतरी, म्हटलं. संध्याकाळी पुन्हा. दुसऱ्या दिवशी नाहीच. मग त्याच्या पुढच्या दिवशी दोनदा, त्यातलं एक तर मी चहा टाकायला आत गेले असताना, मशीन नुसतं बसलेलं असताना. नेमानं बंद पडलं असतं तर एक वेळ समजलं असतं. हे म्हणजे चाळीतल्या पाण्यासारखं, कधी येईल, कधी जाईल, काही भरवसा नाही.

दुकानातला मुलगा वाईट नाही. त्याने ड्रायव्हर बदलले. मग अँटिव्हायरस काढला. मग "विंडोजची कॉपीच नीट बसली नसेल" म्हणून पुन्हा फॉरमॅट मारला, पुन्हा ७००. डीटीपीवाल्याच्या घरी फॉरमॅट म्हणजे काय ते बाहेरच्याला कळणार नाही. डोंगल (सॉफ्टवेअर उघडणारी किल्ली) लावा, मराठी लिपीचं सॉफ्टवेअर परत घाला, कीबोर्डचा लेआउट परत जमवा, चारशे फॉन्ट परत चढवा, त्यातले तीस नावाने एक आणि आत दुसरेच. दोन दिवस जातात. तिसऱ्या दिवशी काळा पडदा.

माझा भाचा विरारला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. रविवारी आला, काळ्या खिडकीत कमांड टाकली. एसएफसी स्कॅननाऊ. म्हणाला, "मावशी, विंडोजच्या फायली खराब आहेत, दुरुस्त केल्या." तासाभराने पुन्हा टाकली, पुन्हा खराब, पुन्हा दुरुस्त. त्याला आनंद झाला होता, मला शंका आली. कालच घातलेलं विंडोज तासातासाला कसं काय कुजतं? फॉन्टची झिप फाइल उघडतानाही तसंच. एकदा सीआरसी एरर, म्हणजे फाइल बिघडल्याची खूण, लगेच दुसऱ्यांदा उघडली तर ठणठणीत. भाचा म्हणाला, डाउनलोड बिघडलं असेल. बिघडलेली फाइल दुसऱ्या मिनिटाला सुधारते का रे बाबा?

एक काम मात्र मी माझ्या सवयीने केलं. दर वेळी काळ्या पडद्यावर खाली जे इंग्रजी नाव येतं ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या त्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलीने लिहून ठेवलं. दुधाचे खाडे लिहिते तिथेच. मेमरी मॅनेजमेंट. आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल. पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया. कधी खाली ग्राफिक्सच्या ड्रायव्हरचं नाव, कधी डिस्कच्या फाइल सिस्टिमचं. अकरा वेळा मशीन पडलं आणि सहा वेगवेगळी नावं आली.

आणि मग ती पत्रिका. माझं जुनं काम सगळं युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये आहे. त्यात प्रत्येक अक्षराच्या तुकड्यामागे एक आकडा असतो. इंग्रजीत सांगायचं तर मोठा ए म्हणजे ६५. मशीनच्या पोटात तो शून्य-एकच्या आठ घरांत लिहिलेला. त्यातलं एकच घर उलटलं की ६५चे ६७ होतात आणि ए चा सी होतो. दुसरं घर उलटलं तर ९७, म्हणजे लहान ए. मराठी फॉन्टमध्ये तिथे काना असेल तर भलतीच मात्रा उगवते. प्रूफ काढलं तर निमंत्रकांच्या यादीत नवऱ्या मुलाच्या आत्याच्या नावात मधेच एक असं चिन्ह, जे मी तरी टाइप केलेलं नाही. त्या जागी बोट जातच नाही. हे मशीनने केलं असं मी शपथेवर सांगणार नाही, सत्तावीस वर्षांत माझ्याही हातून काय काय छापून गेलंय. पण रात्री झोप लागली नाही. बंद पडणारं मशीन परवडलं. गपचूप अक्षर बदलणारं मशीन घेऊन कुणाच्या घरची पत्रिका करायची?

शेवटी टॅक्सीत तो डबा मांडीवर घेऊन लॅमिंग्टन रोडला गेले. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, टॅक्सीवाल्याच्या तोंडी लॅमिंग्टन. गिरगावातून एवढंसं अंतर म्हणून तो सगळा वेळ कुरकुरत होता. तिथे एका इमारतीच्या जिन्याखाली एक गृहस्थ मदरबोर्ड दुरुस्त करतात. दुकान म्हणावं तर एक टेबल, एक दिवा आणि भिंगाचा चष्मा. त्यांनी डबा उघडलाच नाही. माझं कॅलेंडरचं पान बघितलं (हो, पान फाडून नेलं होतं) आणि विचारलं, "ताई, फॉरमॅटबरोबर अजून काय बदललं?"

मी म्हटलं, काही नाही. मग म्हटलं, रॅम.

"मग महिनाभर विंडोजला का मारताय?"

त्यांचं म्हणणं सरळ होतं. एखादा ड्रायव्हर वाईट असेल तर तो बहुधा त्याच त्याच नावाने पडतो. दर वेळी नाव वेगळं, आरोपी वेगळा, म्हणजे सगळ्यांच्या पायाखालची जमीनच हलतेय. ग्राफिक्सवाला आपलं सामान मेमरीत ठेवतो, डिस्कवाला ठेवतो, खराब घरात ज्याचं सामान पडलं त्याचं नाव पडद्यावर येतं. फॉरमॅट केल्यावर सुरू झालं म्हणून फॉरमॅटमुळेच झालं, असं आपण सगळे धरून बसलो होतो. त्यांनी पाटीमागून एक पेनड्राइव्ह काढला, "मेम" असं मार्करने लिहिलेला. "रात्रभर लावा. लाल दिसलं तर फोटो काढा." पैसे विचारले तर हात हलवला.

आता मूळ विषय. हे सॉफ्टवेअर विंडोजच्या आत चालत नाही. पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करायचं, म्हणजे विंडोज उठतच नाही आणि जवळजवळ सगळी मेमरी त्याला तपासायला मोकळी मिळते. माणसं झोपलेल्या खोलीत झाडू मारणं आणि रिकाम्या खोलीत मारणं, एवढा फरक. पेनड्राइव्ह तुम्हाला स्वतः करायचा असेल तर त्यांच्या साइटवरून फुकट उतरवता येतं, पेनड्राइव्ह तयार करून देणारी विंडोजसाठीची छोटी फाइलही तिथेच असते. आधीचं पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं, मुलांचे फोटो असलेला घेऊ नका.

सारख्याच नावाचे दोन प्रकार आहेत, इथे माझाही गोंधळ झाला. ख्रिस ब्रेडी नावाच्या माणसाने १९९४मध्ये मूळ मेमटेस्ट८६ लिहिलं. त्यातून २००४मध्ये "प्लस" फुटून वेगळं झालं. मूळ आता पासमार्क या कंपनीकडे आहे, दिसायला देखणं, माउस चालतो, पण फुकट आवृत्तीत चारच फेऱ्या होतात. प्लस सगळं मोकळं आहे, कितीही फेऱ्या मारा. मधे बरीच वर्षं ते मागे पडलं होतं, २०२२मध्ये सहावी आवृत्ती नव्याने लिहून आली तेव्हापासून नव्या मशीनवरही उठतं. दोन्ही चांगलीच म्हणतात. मी प्लस वापरलं कारण पेनड्राइव्हमध्ये ते होतं.

माझ्या मशीनवर ते पहिल्या झटक्यात उठलं नाही. बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट, म्हणजे ओळखीच्या सॉफ्टवेअरलाच उठू देणारा पहारा, बंद करावा लागला. भाच्याने फोनवरून सांगितलं, मी केलं, आणि इथे माझ्याकडून एक चूक झाली जी तुम्ही करू नका. मधेच एकदा विंडोज सुरू करून बघावं म्हटलं, तर त्याने ४८ आकडी किल्ली मागितली. कसली किल्ली? विंडोज ११ घालताना मायक्रोसॉफ्टचं खातं जोडलं की आता डिस्क आपोआप कुलूपबंद होऊ शकते, आणि बायोसमध्ये हात घातला की ते चोर समजून किल्ली मागतं. माझ्या पोटात गोळा आला. आत तेरा पत्रिका होत्या. भाचा म्हणाला, घाबरू नकोस, सिक्युअर बूट परत चालू कर. केलं, आणि मशीन शहाण्यासारखं उठलं. त्यानंतर आधी खात्यात जाऊन ती किल्ली कागदावर उतरवली, देवघरातल्या डब्यात ठेवली, आणि मगच पुढे गेले. हा दोष मेमटेस्टचा नाही, पण वापरणाऱ्याला हे कुणीतरी आधी सांगायला हवं.

पडदा पाहून घाबरायला होतं. निळी पार्श्वभूमी, पांढरी अक्षरं, वर मशीनची कुंडली, एक पट्टी सरकतेय, टक्के वाढताहेत. माउस चालत नाही. मराठी नाही, हिंदी नाही, चित्र नाही. पण वर कुंडलीतच मला एक गोष्ट कळली. नवी स्टिक ३२००ची म्हणून घेतली होती, चालत होती २६६६ने, कारण जुनीचा वेग तेवढाच आणि दोघी एकत्र बांधल्या की हळू चालणारीच्या गतीने जावं लागतं. त्यात बिघडण्यासारखं काही नाही, पण जास्त वेगाचे म्हणून जास्त पैसे कशाला दिले ते कळेना.

रात्री साडेदहाला लावलं. ते मेमरीच्या प्रत्येक घरात आकडे लिहितं, परत वाचतं, उलटे करून लिहितं, पुन्हा वाचतं, मग मोठे मोठे गठ्ठे इकडून तिकडे हलवतं. एका तपासणीत तर सगळं भरून काही मिनिटं नुसतं थांबतं आणि मग बघतं, कुणी विसरलं का. ती मला आवडली. आमच्या हेडमास्तर तशाच होत्या, पाढा म्हणून घ्यायच्या आणि डबा खाऊन झाल्यावर परत विचारायच्या.

पहिली फेरी पूर्ण, हिरव्यात पास. माझ्या मनात म्हटलं, गेले टॅक्सीचे पैसे. यजमान म्हणाले, बंद कर, पंख्याचा आवाज होतोय. मी पडद्यावर उशीचा अभ्रा टाकला आणि झोपले. पावणेतीनला पाणी प्यायला उठले तर अभ्र्याच्या कापडातून लाल दिसत होतं.

चौदा ओळी. प्रत्येक ओळीत पत्ता, मग काय असायला हवं होतं ते, मग काय सापडलं ते. दोन्ही सोळा सोळा अक्षरांच्या रांगा. मी प्रूफ वाचणारी बाई. चष्मा लावला आणि बोट ठेवून वाचायला लागले, तर चौदाही ओळींत पंधरा अक्षरं जुळतात आणि एकाच ठिकाणी, दर वेळी त्याच ठिकाणी, शून्य हवं तिथे चार. पत्तेही एकमेकांच्या शेजारचे. सोळा जीबीच्या अख्ख्या चाळीत एका मजल्यावरची एक खोली गळत होती. ज्याचं सामान तिथे पडेल तो भिजणार.

रात्री पावणेतीनला मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. फोटो काढला.

पुढचं काम भाच्याने केलं, शनिवारी. वायर भिंतीतून काढली, डब्याच्या पत्र्याला हात लावून घेतला, आणि आधी स्टिकच्या सोनेरी दातांवर खोडरबर फिरवला. मुंबईच्या दमट हवेत त्यानेही पुष्कळदा काम होतं म्हणतात. आमचं झालं नाही. मग एक स्टिक काढून दुसरी, मग खाच बदलून. जुनी स्टिक दोन्ही खाचांत रात्रभर स्वच्छ. नवी दोन्ही खाचांत लाल. त्यामुळे खाच आणि मदरबोर्डही सुटले.

स्टिक परत करायला गेले तर दुकानातला मुलगा म्हणाला, "काकू, मी विंडोजच्या मेमरी टेस्टमध्ये टाकून बघितली होती, पास आहे." खोटं बोलत नव्हता. विंडोजची स्वतःची तपासणी आहे, बरी आहे, पण तिची नेहमीची पद्धत उरकती असते. एफ-१ दाबून एक्स्टेंडेड निवडली तर जास्त खोलात जाते, ते कुणी करत नाही. मी फोटो दाखवला. त्याने मोठा करून पाहिला, मालकाला दाखवला. वॉरंटीत बदलून मिळाली, दहा दिवसांनी. तोवर आठ जीबीवर तीन पत्रिका केल्या आणि मशीन एकदाही पडलं नाही. तेव्हा लक्षात आलं की आठमध्येही भागत होतं.

नवी आलेली स्टिक बसवल्याबरोबर पुन्हा दोन रात्री तपासली. स्वच्छ. मग भाच्याने वाईट बातमी दिली. खराब मेमरीतून जाऊन जे विंडोज डिस्कवर बसलंय त्यावर विश्वास ठेवता येणार नाही, कुठली फाइल भिजून गेली असेल सांगता येत नाही. म्हणजे तिसरा फॉरमॅट. चारशे फॉन्ट. या वेळी स्वतःच केला, ७०० वाचले. आणि त्या महिन्यात केलेली सगळी कामं कागदावर काढून परत अक्षर अक्षर वाचली. आत्यांच्या नावाखेरीज एका पत्त्यात पिनकोडचा आकडा चुकलेला सापडला. तो मात्र मशीनचा नव्हता, गिऱ्हाइकाने पाठवलेल्या चिठ्ठीतही तोच होता.

तर या सॉफ्टवेअरच्या तक्रारी. रात्र जाते, दोन-तीन फेऱ्या तरी हव्याच. पहिल्या हिरव्या पासवर मी थांबले असते तर अजून विंडोजला शिव्या देत बसले असते. ते फक्त मेमरीचं बोलतं. डिस्क, ग्राफिक्स कार्ड, वीजपुरवठा यांतलं काही बिघडलं असेल तर ते हिरवं दाखवून मोकळं होतं. लाल ओळ आली म्हणजे नक्की स्टिकच, असंही नाही, खाच किंवा बायोसमधला वाढवलेला वेगही असू शकतो, म्हणून एकेक काढून बघावंच लागतं. आणि कुठली स्टिक वाईट ते तोंडाने सांगत नाही, नुसता पत्ता फेकतं. पाचातले साडेचार देते. अर्धा कापला तो अभ्र्यासाठी, एवढा उजेड पाडणारा पडदा दहा बाय बारात रात्रभर सहन होत नाही.

पेनड्राइव्ह परत द्यायला लॅमिंग्टनला गेले होते, डब्यात नारळाच्या वड्या घेऊन. वड्या घेतल्या, पेनड्राइव्ह घेतला नाही. "कुणाला लागला तर द्या." सध्या तो आमच्या प्रेसवाल्यांकडे आहे. त्यांचं मशीनही मधेच बंद पडतंय. दोन रात्री झाल्या, एकही लाल ओळ नाही, म्हणून ते आता एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, बदलून बघताहेत.